दोन बोटं सैल

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, ती वेगळी. मी शिंप्याची, माप घेणारी. पिवळ्या कापडाची, दोन्ही टोकांना पितळी पत्रा बसवलेली. अंगावरचे आकडे आता पुसट झालेत. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही याची शंकाच आहे, कारण तिच्यातलं बरंचसं मला स्वतःलाच अजून कळलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे आम्ही बहिणीबहिणी एकाच लांबलचक पट्ट्यात जोडलेल्या होतो. मग कात्री आली आणि आमची ताटातूट झाली. डबीत गुंडाळून मी आले ती थेट मास्तरांच्या दुकानात. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. दुकान एवढंसं: एक कापायचं टेबल, दोन मशिनी, एक इस्त्री, आणि मागच्या दाराला लागूनच घर. दुसऱ्या मशीनवर काकू बसत. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. काजं, बटणं आणि सगळी हातशिलाई त्यांच्याकडे.

माझी जागा मास्तरांच्या गळ्यात. काय थाट होता माझा! गल्लीतलं माणूसन्‌माणूस मी मोजलेलं होतं. वकीलसाहेब माप देताना पोट आत ओढून घ्यायचे. मास्तर म्हणायचे, "साहेब, सोडा तो श्वास. शर्ट घालून जेवायचंही आहे ना तुम्हाला?" गल्लीत एक बसड्रायव्हर होते, त्यांना सगळे लंबू म्हणायचे. त्यांच्या खांद्यापर्यंत पोचायला मास्तरांना स्टुलावर चढावं लागे, आणि लंबू मुद्दाम टाचा उंचावून त्यांची गंमत करत.

मास्तरांची एक पद्धत होती. छाती मोजताना ते माझ्या आणि माणसाच्या मधे आपली दोन बोटं घालायचे. "एवढी जागा श्वासाला," म्हणायचे. त्या बोटांना माणसाच्या छातीची धडधड लागायची, मलाही लागायची. मला वाटायचं, टेपचं काम असंच असतं, धडधड ऐकण्याचं. आकडे आपले नंतरचे.

मग ती साथ आली. रोग कसा असतो मला ठाऊक नाही, त्याचं माप मी कधी घेतलेलं नाही. लोकांनी तोंडं झाकली, दुकानं बंद झाली. मास्तरांना ताप भरला आणि एक गाडी त्यांना घेऊन गेली. मी खिळ्यावर लटकत राहिले. बाहेर शटरवर कुणीतरी 'इथे रुग्ण आहे' असा कागद चिकटवला. मास्तर बरे होऊन आले, डॉक्टरांनी सांगितलं की आता यांच्यापासून कुणाला काही भीती नाही. काकूंनी कागद खरवडून काढला, पण गोंदाचा चौकोनी डाग काही निघाला नाही.

दुकानं उघडली, तरी आमच्याकडे आत कुणी येईना. शेजारचे चष्मेवाले, जे रोज मास्तरांबरोबर चहा प्यायचे, ते आपल्याच दारातून हात हलवायचे आणि घाईघाईने आत जायचे. कापडाच्या पिशव्या शटरच्या कडीला अडकवलेल्या मिळायच्या. मग फोन वाजायचा. "माप लिहून घ्या मास्तर, घरीच घेतलंय. उगीच कशाला जवळ यायचं?"

मी बुचकळ्यात पडले. माझं काय चुकलं? मला वास येतो का? मास्तरांनाही बहुतेक तसंच वाटलं असावं. त्यांनी मला उकळत्या पाण्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलं. मग रोजच. त्यांनी स्वतःचे हातही इतके घासले की कातडीला भेगा पडल्या. "अहो, पुरे आता," काकू म्हणायच्या. मास्तर म्हणायचे, "तुला नाही दिसत. माझ्यातच काहीतरी राहिलंय." ते ताट घेऊन वेगळे बसू लागले. खोकला आला की उशीत तोंड खुपसून खोकायचे. डॉक्टर बरं म्हणतात आणि गल्ली नाही म्हणते, यात खरं कुणाचं मानायचं? मला तर ठरवता येईना, आणि मास्तरांनी गल्लीचं मानलं.

त्यातच कपडे परत येऊ लागले. "घट्ट होतो हो. बटणच लागत नाही." मास्तरांनी शर्ट टेबलावर पसरला, मला वर ठेवलं. फोनवर सांगितलेलं माप आणि मी दाखवलेलं माप अगदी तंतोतंत! मी खोटं बोलत नव्हते, शपथ घेऊन सांगते. तरी पुढचाही शर्ट घट्ट, त्याच्या पुढचाही. एकदा चष्मेवाले बाहेर कुणाला तरी म्हणाले, "आजारानं डोक्यावर परिणाम झालाय त्यांच्या." ते आत ऐकू आलं.

त्या दिवसापासून शटर अर्धंच उघडू लागलं. मास्तर कात्री हातात घेत आणि तशीच खाली ठेवत. एका दुपारी ते काकूंना म्हणाले, "मशिनी देऊन टाक कुणाला तरी. हात गेले माझे, डोकंही गेलं. मी नसलो तर तुझं बरं चालेल. तुझ्याकडे येतील तरी लोक."

काकूंच्या हातातली सुई थांबली. "असलं बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी मास्तरांच्या हातावर हात ठेवला. मास्तरांनी आपला हात झटकन काढून घेतला. मला फार भीती वाटली. खिळ्यावरून मी काय करणार होते?

मग एके दिवशी लंबू स्वतः आले, मास्तरांनीच शिवलेला गणवेशाचा नवा कोट घेऊन. उंबऱ्याबाहेरूनच ओरडले, "मास्तर, या कोटात हात वर केला तर उसवेल! बस कशी चालवू?"

मास्तर उठलेच नाहीत. काकूंनी कोट घेतला. बटणं सरकवून पाहावीत म्हणून त्या खुणा करायला बसल्या. मी नुकतीच उकळून दोरीवर वाळत होते, म्हणून त्यांनी लाकडी पट्टी घेतली. माप जुळेना. त्यांनी मला ओढून त्या पट्टीशेजारी सपाट ठेवलं.

"अहो, इकडे या. रोज उकळून ही टेप आटलीय!"

आटले? मी? मला तर मी होते तेवढीच वाटत होते. टेपला स्वतःचं माप कुठे घेता येतं?

मास्तरांनी स्वतः मला पट्टीला पुन्हा लावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे डोकं ठीक आहे माझं?"

"आणि हातही," काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"उकळल्यामुळे झालं तर सगळं," लंबू बाहेरून म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. "आटली तरी बिघडलं नसतं, लंबूशेठ. माणूसही हिनंच मोजायचं, कापडही हिनंच. मग चूक दोन्हीकडे सारखीच, कपडा बसतो बरोबर. पण तुम्ही अंग मोजलंत तुमच्या टेपनं, मी कापड मोजलं माझ्या. माप द्यायला आत कुणी आलंच नाही."

लंबूंनी शटरवरच्या त्या चौकोनी डागाकडे पाहिलं. मग वाकून, शटरखालून आत आले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. "घ्या माप. हिनंच घ्या."

मास्तर मागे सरले. "माझे हात..."

"हातच पाहिजेत मला. आणा ते स्टूल."

तो कोट पुन्हा शिवला, माझ्याच मापानं, आणि झकास बसला. पण मास्तर एका दिवसात पूर्वीसारखे झाले, असं मी सांगणार नाही. काकू त्यांना मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जातात. अजूनही एखाद्या दिवशी शटर अर्धंच राहतं. चष्मेवाले चहा घेऊन आले, पण मास्तरांनी कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. गळ्यात आता नवी टेप असते आणि मी आरशाशेजारच्या खिळ्यावर.

मित्रांनो, रोगापासून जपावं, डॉक्टर सांगतील तेवढं लांबही राहावं. पण डॉक्टर बरं म्हणाल्यावरही ती चांगली माणसं इतकी लांब का राहिली, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर मला सांगा. आणि तुमच्या शेजारी कुणी आजारातून उठलं असेल, तर फोनवर माप सांगू नका. आत जा.

लंबू वाकून आत आले, त्या दिवशी मास्तर स्टुलावर चढले. मला लंबूंच्या छातीभोवती घेतलं आणि मधे आपली भेगाळलेली दोन बोटं घातली. माप सांगून झालं तरी त्यांनी ती काढली नाहीत. लंबूही हात वर करून तसेच उभे राहिले.