न मोजलेलं माप

गिऱ्हाइकानं तोंडी सांगितलेलं माप ताईनं कधीच मानलं नाही. टेप लावल्याशिवाय ती कात्रीला हात लावत नसे. एका धाकट्या भावाचा शब्द तेवढा तिनं न मोजता घेतला. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो परदेशातून फोनवर हुंदके देत म्हणाला होता, "ताई, दोनदा विमान बदलायचं म्हणजे दोन दिवस जातील. माझ्यासाठी थांबू नका."

आज विमानाची तिकिटं काढून देणारे काका पँट आखूड करून घ्यायला आले. ताईनं सहज भावाच्या शहराचं विचारलं.

"अहो, थेट विमान आहे, रोज सकाळी. नऊ तास फक्त! पंधरा वर्षं झाली सुरू होऊन."

ताईनं ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या. सख्ख्या भावानं केसानं गळा कापला होता. तिनं तिथूनच त्याला फोन लावून थेट विमानाचं विचारलं.

"ताई, तेव्हा ना, कामाचं जरा…"

"मेल्या, मामा बसनं आला होता. अकरा तास लागले त्याला. तो येईपर्यंत आम्ही आईला ठेवलं होतं."