तक्रार नसलेलं गाव

भोकरदन तालुक्यातल्या त्या गावाचं नाव इथे देत नाही. दिलं तर शेजारची चार गावं उगाच स्वतःला बरी समजतील! वेशीवर मोठी कमान आणि तिच्यावर ‘तंटामुक्त गाव’ अशी ठळक अक्षरं. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष नरहर गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सज्जन, शब्दाला मान. गावातून एकही तक्रार पोलिसांत जात नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

भांडण मिटवायची त्यांची रीत ठरलेली. दोन्ही बाजूंना पारावर बसवायचं आणि एकाच किटलीतला चहा पाजायचा. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आल्यापासून त्यांनी त्यात एक कलम वाढवलं होतं. भांडणाचा व्हिडिओ ज्याने-त्याने सगळ्यांसमोर पुसून टाकायचा. “फोन साफ, मन साफ,” असं ते म्हणायचे.

त्या रविवारी क्रिकेटच्या सामन्यात राजानंद पंच होता. बौद्धवाड्यातल्या तातेरावांचा हा मुलगा. नियम तोंडपाठ, निकाल चोख. त्याने मोठ्या घरच्या धर्मराजला धावबाद दिलं. नाव धर्मराज, पण करणी बघा! “आमच्यावर बोट वर करतो व्हय?” म्हणत त्याने जातीवरून शिवी हासडली आणि स्टंप उपटून राजानंदच्या डोक्यावर, कानशिलावर हाणला. मैदान माणसांनी भरलेलं होतं. गुरुजी पहिल्याच रांगेत खुर्चीवर बसले होते.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. धर्मराज “चुकलं” म्हणाला, तेही दुसरीकडे बघत. गुरुजींनी आधी स्वतःच्या फोनमधला व्हिडिओ पुसला, मग बाकीच्यांनी पुसला. किटली फिरली. तातेरावांनीही खाली मान घालून कप घेतला.

राजानंदची बहीण प्रीती सकाळच्या बसने जालन्याहून आली होती. तिथल्या एका संस्थेत ती काम करते. तिने कप घेतला नाही.

“माझ्या फोनवर व्हिडिओ आलाय. मी तो पुसणार न्हाई,” ती म्हणाली.

“पोरी, हट्ट करू नको,” तातेराव काकुळतीला आले. “तू जाशील जालन्याला. मला इथंच राह्याचंय. उद्या कामाला कोन बोलवंल? दळन कोन दळून देईल?”

“बाबा, मी वस्तीवस्तीत जाऊन लोकांला सांगून राह्यले, पुरावा जपा, मोबाइलवरून बी तक्रार करता येते, मंग ठाण्यात जाऊन सही करा. अन् माझ्याच घरी मी गप बसू?”

गुरुजी समजुतीने म्हणाले, “प्रीती, तक्रारीनं गाव तुटतं. आपल्या गावात जातीचा तंटा झाल्याचा एक तरी कागद दाखव.”

“कागद कसा असंल गुरुजी? तुमी तो होऊच देत न्हाई! वर सायबाला वाटतं, या गावात समदं बराबर आहे. मंग मदत कोन पाठवंल? बंदोबस्त कोन करील? ताप मोजलाच न्हाई म्हणून दुखणं बरं होतं का?”

एकच गलका झाला. गुरुजींनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि राजानंदकडे वळले. “तूच सांग बाळ. मिटलं ना?”

राजानंदने बाकीच्यांकडे बघत मान हलवली. प्रीतीला ते खटकलं. तिने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि मोठ्याने विचारलं, “गुरुजी काय म्हणले?”

तो चाचरत म्हणाला, “ऐकू न्हाई आलं. कालपासून कानात नुसतं गुंगुं होऊन राह्यलंय. समदे मान हलवतेत, म्हणून मी बी हलवली.”

अरेरे! ज्याच्यासाठी बैठक बसली, त्याला तिच्यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं! आणि त्याला दवाखान्यात का नेलं नव्हतं? तर डॉक्टर पोलिसांना कळवतील, म्हणून. “बैठक होईस्तोवर थांबा,” हा सल्ला गुरुजींचाच होता.

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांना स्वतःची लाज वाटली. “तातेराव, उठा. आधी दवाखाना, मग ठाणं,” ते म्हणाले.

प्रीतीने तिथेच बसून फोनवरून तक्रार पाठवली. “पण व्हिडिओत लाऊडस्पीकरचं गाणं वाजून राह्यलंय, शिवी ऐकू येत न्हाई,” ती म्हणाली. “ज्यानं ऐकली असा साक्षीदार लागंल.”

जो तो चपला शोधू लागला. कालचं भरलेलं मैदान आज मुकं झालं होतं.

“माझं नाव लिही,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, इचार करा!” धर्मराजचा बाप गुरकावला.

“मी समोर बसलो होतो. मी ऐकलंय,” गुरुजी एवढंच बोलले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाचा पडदा फाटलाय, उजवाही माराने बधिर झालाय. ऐकू येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. तिथून सगळे ठाण्यात गेले. ठाण्यातल्या साहेबांनी गुरुजींना विचारलं, “नेमका शब्द काय वापरला?”

शेजारी तातेराव उभे होते. त्यांच्यादेखत तो शब्द उच्चारायचा? गुरुजींनी तातेरावांकडे पाहिलं. तातेराव हळूच म्हणाले, “बोला गुरुजी. आमी तर जन्मभर ऐकून राह्यलो.”

गुरुजींनी तो शब्द स्पष्ट उच्चारला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

वाचकहो, ज्या गावातून तक्रार येत नाही, ते गाव सुखी आहे असं समजू नका. तिथे कुणाचं तरी तोंड दाबलेलं असू शकतं. तक्रार करायला आज फोन पुरतो. पण ‘मी पाहिलं, मी ऐकलं’ असं सांगणारा माणूस कुठल्याही फोनमध्ये मिळत नाही. तो तुम्हा-आम्हालाच व्हावं लागतं.