कोरडा साचा

तिसऱ्या खेपेला छोट्या रॉकेटची मोटर, म्हणजे त्याच्या जळणाची कांडी, साच्यातून अलगद निघाली, तेव्हा मला आधी आनंदच झाला.

पहिल्या दोन चिकटल्या होत्या. ठोकून काढताना दोन्हींना भेग गेली. भेगेतून आग एकदम आत शिरली तर मोटर फुटते, म्हणून त्या बाद केल्या. बेळगावच्या आमच्या कॉलेजच्या मुलांना ही मोटर लोखंडी स्टँडवर आवळून तिचा जोर मोजायचा होता. त्यासाठी मैदान आणि परवानगी एकाच दिवसाची मिळाली होती, उद्याची. टिळकवाडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये असलं काही करणं शक्य नव्हतं. म्हणून मी निपाणीजवळ गावी, आमच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या उघड्या छपरीत तीन दिवस मुक्काम ठोकून होते.

आणि तीन दिवस माझे वडील, आप्पा, खुर्ची टाकून समोर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी गूळ केला. मिश्रणात साखर आहे हे कळल्यापासून हे काम आपल्याच खात्यातलं आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. आच जास्त आहे, घोटणं कमी पडलं, उलथनं बदल. मी प्रत्येक वेळी एवढंच सांगत होते, की लांब बसा आणि कशाला हात लावू नका.

मोटर उजेडात नेली. अंगावर बारीक खड्डे होते. नख लावलं तर रुतलं. पुसली तर बोटांना चिकटली. ओतताना साच्यातून चर्र असा आवाज आला होता, तो मला आठवला. साच्याचा पाइप गार असेल म्हणून मी तो सोडून दिला होता. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईनं.

"आप्पा, साच्याला पाणी लावलंत?"

"व्हय. तू काटा आणायला गेलतीस तवा बुडवून, झटकून ठेवला." ते खुशीत होते. "ढेपंच्या बादलीत आम्ही वलं फडकं घालतोय का न्हाय? कोरड्यात वतल्यावर चिकटणारच की. निघाली का न्हाय बघ आता."

हे मिश्रण पाणी ओढून घेतं, ओलं झालं की धड जळत नाही, हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. आता एकाच मोटरीपुरता माल उरला होता.

आप्पा म्हणाले, "हात लावू नका, एवढंच म्हणालीस तीन दिवस. पाणी नको म्हणालीस का एकदा तरी?"

मी तसं म्हणाले नव्हते. त्याचाच जास्त राग आला.

"फडकं पाण्यासाठी न्हवं गं," ते म्हणाले. "मधी काहीतरी पायजे म्हणून. ढेप बादलीला लागू नये. कोरडं काय चालंल तुझ्यात?"

बटर पेपर चालला असता. तो माझ्या पिशवीतच होता, मिश्रणाचे घटक त्यावरच मोजत होते. आप्पांनी तो साच्यात असा बसवला की एक सुरकुती राहिली नाही. त्याआधी हात कोरडे केल्याचं मला दोनदा दाखवलं, दुसऱ्यांदा जरा मुद्दामच. ओतताना या वेळी आवाज आला नाही.

चार तासांनी कागदाची कड धरून ओढली आणि मोटर बाहेर आली. टणक, कोरडी. आप्पांनी सवयीनं बोटाचं पेर वर नेलं. ढेप आतून पोकळ आहे का ते अशीच वाजवून बघतात.

"वाजवू काय?"

"नको."

"मग भेग हाय का न्हाय, कळणार कसं?"

मी बॅटरीचा उजेड पाडून मोटर सगळ्या बाजूंनी दाखवली. भेग नव्हती. मी मोटर डब्यात ठेवली, झाकणाला चिकटपट्टी मारली आणि उद्या येते म्हणून मुलांना कळवलं.

आप्पांना ते पटलं नव्हतं. वाजवल्याशिवाय माल बाहेर पाठवणारी आमच्या घरात मीच पहिली, असं ते आईला सांगत होते.