दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये

छत्री तिचीच होती. चौकातल्या दगडी हौदाजवळ त्या टोपीवाल्याने ती उघडून उंच धरली, तेव्हा पिवळ्या कापडावरची तपकिरी शिवण मला लगेच दिसली. ती शिवण आमच्या इमारतीखालच्या शिंप्याने घातली होती. त्या दिवशी त्याच्याकडे पिवळा दोरा नव्हता. बायको म्हणाली होती, "घाला तपकिरीच. लांबून कुणाला दिसतंय?"

शिंप्यालाच दिसली. गेल्या आठवड्यात त्याने मला जिन्यात गाठलं.

"काका, काकूंची छत्री कुणाला दिलीत का?"

"नाही. का?"

"जुन्या भागात एक जण घेऊन फिरतोय. टोपी घालतो. मागे पाहुणे मंडळी. अगदी काकू फिरायच्या तसाच. माझा टाका मी ओळखतो हो."

माझी बायको गाईड होती. शहराच्या जुन्या भागात लोकांना पायी हिंडवून दाखवायचं, हे काम तिने आयुष्यभर केलं. ती गेली, आणि तिचं सामान आणायला मी तिच्या कचेरीत गेलो, तेव्हा तिथली पोरगी म्हणाली, "त्यांनी तर उन्हाळ्यातच काम सोडलं." मी म्हटलं, नीट बघा. तिने नीट बघितलं आणि तेच सांगितलं.

उन्हाळ्यात काम सोडलं. पण थंडी पडेपर्यंत ती रोज सकाळी घरातून बाहेर पडत होती. तेच चालायचे बूट, तीच खांद्यावरची पिशवी, तीच छत्री. दुपारी परत यायची तेव्हा थकलेली असायची. मी विचारायचो, "आज किती जण होते?" ती म्हणायची, "होते बरेच." मग ती कुठे जात होती? आणि कुणाकडे? छत्री घरात कुठेच सापडली नव्हती. ती दुसऱ्याच्या हातात होती म्हणजे काय ते मला बघायचं होतं.

मुलीला म्हटलं, जुन्या भागाच्या फेरीसाठी माझं नाव घाल.

"तुम्ही? फिरायला? बाबा, तुम्ही भाजी आणायला गेलात तरी रस्ता बदलत नाही."

"आता बदलतोय."

"खरं सांगा, काय झालंय?"

"पाय मोकळे करायचेत," मी म्हटलं. तिला पटलं नाही, पण तिने नाव घातलं.

तर मी हौदापाशी मागच्या बाजूला उभा होतो. आम्ही दहा-एक जण होतो. नवं लग्न झालेलं जोडपं, दोन मोठ्या मुलींसह आलेलं एक कुटुंब, आणि काठी टेकत चालणारी एक बाई. ती सारखे प्रश्न विचारत होती. टोपीवाला पन्नाशीचा, सडसडीत. बुटांना नीट पॉलिश केलेलं. मला पॉलिश खुपलं. दिवसभर दगडी रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचे बूट इतके चकचकीत कसे?

"आपण सावकाश जाऊ," तो म्हणाला. "हा भाग घाईने बघितला तर नुसत्या भिंती दिसतात."

हे तिचं वाक्य. भांडी पुसताना ती घरी हे वाक्य म्हणून बघायची. आधी 'नुसत्या विटा' म्हणायची, मग तिने 'भिंती' केलं. मला विचारून केलं होतं.

तिच्या फेरीला मी कधी गेलो नाही. ती येऊ द्यायची नाही. "तुम्ही समोर उभे राहिलात तर मला थापा मारता येणार नाहीत," म्हणायची. थापा म्हणजे खरोखरच थापा. त्यांच्या धंद्यात बोलणं चोरण्याचे प्रकार फार. एकाने पुस्तकं धुंडाळून, म्हाताऱ्या माणसांना विचारून माहिती जमवायची, आणि दुसऱ्याने गर्दीत उभं राहून ती पाठ करून न्यायची. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. प्रत्येक गाईड आपल्या बोलण्यात एक गोष्ट पदरची घालतो. ऐकायला खरी वाटेल, पण कुठेही सापडणार नाही अशी. तिला ते 'खूण' म्हणतात. आपली खूण दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आली की चोर सापडला.

"तुझी खूण कोणती?" मी एकदा विचारलं होतं.

"ओळखा तुम्हीच."

"मी ऐकायला आलो तर ओळखीन ना."

"मग नका ओळखू."

आज मी ओळखायला आलो होतो. तिची खूण या माणसाच्या तोंडून निघाली की सगळ्यांसमोर त्याची टोपी उतरवायची, असं ठरवूनच आलो होतो. पुढचं पुढे विचारायचं. उन्हाळ्यापासून ती तुझ्याबरोबर होती का, हे सुद्धा.

घड्याळाच्या मनोऱ्याखाली तो थांबला. वरच्या घड्याळाला एकच काटा आहे. "पूर्वी लोकांना तासांपुरतीच वेळ लागायची," तो म्हणाला. "मिनिटांची घाई नंतर आली. म्हणून या घड्याळाला मिनिटकाटा बसवलाच नाही." माणसं हसली. मी त्याच्याकडे बघत होतो. तो बोलताना छत्री डाव्या हातातून उजव्या हातात घ्यायचा. तीही घ्यायची का? मला माहीत नव्हतं. मी काही न बघितल्यामुळे मला सगळ्याचाच संशय येत होता.

मग अरुंद बोळ. तिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं. तो म्हणाला, इथे कोण मागे जाणार यावरून दोन शेजारी दिवसभर उभे राहिले होते. ही खूण असेल? मग बंद पडलेलं नाटकगृह. तिथे एका नटाने पडदा पडल्यावरही भाषण थांबवलं नाही म्हणे. ही असेल? काठीवाली बाई प्रत्येक ठिकाणी विचारायची, "हे लिहिलंय का कुठे?" आणि तो म्हणायचा, "काही लिहिलंय, काही ऐकलंय." पक्का माणूस. पकडीत न येणारा.

शेवटी आम्ही जुन्या पेढीच्या इमारतीत शिरलो. दगडी जिना, आणि जिन्याच्या मधून वर गेलेली लोखंडी जाळीची लिफ्ट. ती केव्हाच बंद झाली आहे. आता शोभेपुरती ठेवली आहे. मी नकळत तिच्या दाराची कडी तपासली. आयुष्यभर मी लिफ्टचंच काम केलं. ही मात्र कधी माझ्या हाताखाली आली नाही, ती दुसऱ्या कंपनीकडे असायची.

दुसरा मजला संपला, आणि तिसऱ्याच्या निम्म्या वाटेवर तो थांबला. मंडळी पायऱ्यांवर उभी राहिली.

"इथे एकदा ही लिफ्ट बंद पडली," तो म्हणाला. "अगदी इथे. दोन मजल्यांच्या मध्ये. आत एक मुलगी होती, इथे टंकलेखनाला येणारी. एकटीच. ती रडायला लागली. मेकॅनिकला बोलावलं. तो तरुण होता. त्याने वर जाऊन यंत्र बघितलं, एक भाग आणायला माणूस पाठवला, आणि खाली येऊन या पायरीवर बसला. जाळीतून तिला म्हणाला, 'घाबरू नका. लिफ्ट अडकलेली नाही. थांबलीय फक्त.'"

मी कठडा धरला.

हे माझं वाक्य. लिफ्टमध्ये सापडलेल्या प्रत्येक माणसाला मी हेच सांगायचो. 'अडकली' म्हटलं की माणूस घाबरतो. हिने ते घरात उचललं होतं. घड्याळ बंद पडलं, शेजाऱ्यांचं लग्न मोडता मोडता राहिलं, मुलीची परीक्षा राहिली, तरी म्हणायची, "अडकलेलं नाही हो. थांबलंय फक्त." आणि माझ्याकडे बघून हसायची.

"भाग यायला दुपार गेली," टोपीवाला सांगत होता. "तोवर तो तिथून हलला नाही. बोलत राहिला. आपलं गाव, आई, लहानपणी पळवलेली सायकल, कुठे काम शिकला, कुणाचा मार खाल्ला, पुढे काय करायचंय, सगळं सांगितलं. लिफ्ट सुरू झाली तेव्हा ती रडायची विसरली होती. दार उघडल्यावर ती म्हणाली, 'सायकलचं पुढे काय झालं ते राहिलंच.' त्यांनी लग्न केलं."

मुली 'अय्या' म्हणाल्या. नव्या नवरीने नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला.

हीच ती खूण. आमचं असं काही झालं नव्हतं. तिला मी पहिल्यांदा बघितलं ते तिच्या मामाच्या घरी. माझी मावशी बोलत होती, तिचे मामा बोलत होते, मी चपलांकडे बघत होतो. शेवटी मामींनी विचारलं, "मुलाला बोलता येतं ना?" लग्नानंतर ती हे सगळ्यांना सांगायची. एक दुपारभर मी कुणाशी बोललो असतो तर मला आठवलं असतं. सायकल मात्र मी खरंच पळवली होती. ते मी तिला कधी सांगितलं, ते आठवेना.

"पण हे खरं का हो?" काठीवाल्या बाईने विचारलं. "की आपलं गोड लागावं म्हणून?"

टोपीवाला पहिल्यांदाच गडबडला. "मला ज्यांनी शिकवलं, त्या बाई सांगायच्या," तो म्हणाला.

"त्या सांगायच्या म्हणजे खरंच असं थोडंच!"

आता बोलायचं होतं. याचसाठी आलो होतो. 'खोटं आहे,' एवढं म्हटलं असतं तर तो उघडा पडला असता. पण बाईने संशय घेतला होता तो त्याच्यावर नाही. ज्या बाई सांगायच्या, त्यांच्यावर घेतला होता.

"खरं आहे," मी म्हटलं.

सगळे मागे वळले.

"तुम्हाला काय ठाऊक?" बाई म्हणाली.

"मी लिफ्टच्या कामात होतो. त्या माणसाला ओळखतो."

"असं? मग आता कुठे असतो तो?"

"इथेच. गावातच असतो."

"आणि ती?"

"ती नाही आता."

टोपीवाल्याने छत्री खाली घेतली.

फेरी इमारतीच्या दारात संपली. मंडळी पांगली. मी थांबलो, तोही थांबला.

"छत्री कुठून आणलीत?" मी विचारलं.

"ताईंची आहे." त्याने टोपी काढली. "तुम्ही त्यांचे... ताईंना नेलं त्या दिवशी मी आलो होतो. मागे उभा होतो. पुढे यायला धीर झाला नाही."

"उन्हाळ्यानंतर ती तुमच्याकडे येत होती?"

"माझ्याकडे कशी? इथे यायच्या. चढ चढला की दम लागायचा, बोलणं तुटायचं, म्हणून त्यांनी काम सोडलं. पण फेरी सोडवेना. बोलायचो मी, त्या मागून चालायच्या. चुकलो की छत्रीची दांडी पाठीत टोचायच्या. फक्त लिफ्टपाशी मला बोलू द्यायच्या नाहीत. तिथे स्वतः सांगायच्या. दम खात, थांबत, पण स्वतःच."

चोरही असंच सांगेल, असं माझ्या मनात आलं. "मग घरी का नाही सांगितलं तिने?"

"मीही विचारलं. म्हणाल्या, घरी कळलं तर हे मला पलंगावर बसवतील, आणि पंख्याचा आवाज बदलला की पंखा खोलतात तसे दर तासाला माझी छाती ऐकत बसतील."

ते मात्र चोराला सुचलं नसतं. मी तसंच केलं असतं.

"शेवटच्या दिवशी छत्री माझ्या हातात दिली," तो म्हणाला. "म्हणाल्या, आज हात दुखतोय, परवा आणा. परवा त्या आल्या नाहीत. घ्या. तुमची आहे."

मी छत्री घेतली. आतली एक काडी मोडली होती, ती मी पूर्वी तारेने बांधून दिली होती. तार सैल झाली होती. मी ती नखाने उलगडली, पुन्हा ओढून पीळ दिला आणि टोक आत दाबलं. ते करताना विचारलं, "तिची खूण कोणती होती, सांगितलं का तुम्हाला?"

"हो तर. त्याशिवाय फेरी दुसऱ्याला देतात का? घड्याळाचा काटा."

"काय?"

"मिनिटांची घाई नंतर आली, ते. ते ताईंनी रचलेलं. घड्याळाला आधी दोन काटे होते. एक वादळात पडला, नंतर कुणी बसवला नाही."

"आणि लिफ्टचं?"

"लिफ्टचं खरंच आहे ना." तो माझ्याकडे बघत राहिला. "ताईंनी सांगितलं होतं, बाकी काही विसरलात तरी चालेल, हे नीट सांगा, हे घडलेलं आहे. कुणाचं ते नाही सांगितलं. आज तुम्ही बोललात तेव्हा कळलं. ते तुम्हीच ना?"

मी छत्री उघडून बघितली. काडी धरली होती.

"किती वेळ बोलत होतो म्हणे मी?"

"दुपारभर."

"हं," मी म्हटलं, आणि छत्री त्याला परत दिली. "दुपारची मंडळी यायची असतील ना. ठेवा."

तो चौकाकडे गेला. मी घरी निघालो होतो, पण पाय पुन्हा इमारतीत वळले. दुसरा मजला चढलो आणि त्या पायरीवर बसलो. समोर जाळी, जाळीमागे रिकामा खड्डा, तेलाचा जुना वास. बोलायला काही सुचतंय का बघितलं. सायकलीचं सुरू केलं. खाली राहणाऱ्या घरमालकाची होती, लाल, ब्रेक नव्हते. तळ्यापाशी पडलो. तीच सायकल ढकलत परत आणली आणि मार खाल्ला. एवढंच होतं. ते मी हळू आवाजात सांगून टाकलं.

बऱ्याच वेळाने खालून पावलं ऐकू आली. पिवळी छत्री वळणावर दिसली. टोपीवाल्याने मला बघितलं, क्षणभर अडखळला, आणि मग बोलायला लागला. "इथे एकदा ही लिफ्ट बंद पडली. अगदी इथे."

मी गोष्ट पूर्ण ऐकली. या वेळी कुणी काही विचारलं नाही. एका मुलीने मोबाईल वर केला.

"आजोबा, जरा बाजूला होता का? त्या पायरीचा फोटो घ्यायचाय."

"हो हो," मी म्हटलं, आणि कठडा धरून उठलो.