ओले नमुने

तराजूवरचा काळा गोळा बटाट्याएवढा होता. ओव्हनमधून काढून निवल्यापासून त्याचं वजन मिनिटाला चार मिलिग्रॅमने वाढत होतं. खोल समुद्रतळावरचे हे निकेल असलेले गोळे हवेतली ओल शोषतात. प्रेमला दाणींनी आकडा लिहिला. गेल्या काही महिन्यांत हे मोजमाप त्यांनी नऊ वेळा केलं होतं.

श्रीमंत देशातल्या एका कंपनीला समुद्रतळ खणायचा होता. जमैकातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमाप्रमाणे तिने सारख्या मोलाचे दोन भाग दाखवायचे. त्यांतला एक निवडून ती संस्था गरीब देशांसाठी राखते, उरलेला कंपनीला मिळतो. दोन्ही भागांचे नमुने नवा रायपूरमधल्या या प्रयोगशाळेत आले होते. पहिल्या भागाचे गोळे प्रेमलाताईंनी वाळवून तोलले. दुसऱ्या भागाच्या वेळी ओव्हन बिघडला होता. ते त्यांनी तसेच तोलले आणि ओल वजा करायची राहिली. पाण्याचं वजन धरल्याने निकेलचं प्रमाण दोन्हीकडे सारखं दिसलं. खरं तर दुसऱ्या भागात ते पाचव्या हिश्श्याने जास्त होतं.

चूक त्यांना ऑगस्टमध्ये कळली. आता डिसेंबर होता आणि महिनाअखेरीस त्यांची निवृत्ती.

संचालक चारुदत्त लॅपटॉप घेऊन आत आला. तो एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

"ताई, जमैकावाले साडेसातला जोडतील. तुम्ही फक्त यस म्हणा."

"दोन्ही भाग सारखे असतील तर किनाऱ्याजवळचा बरा, असं म्हणून ते गरीब देशांसाठी पहिला घेऊन राहिले, चारुदत्त."

"घेऊ द्या ना. रायपुरातून समुद्र दिसत नाही, तुम्हाले त्याची काहून पडली?"

"माझी सही आहे त्या अहवालावर."

"लॅबची मान्यता जाईल. बारा पोट्टे-पोट्ट्या आहेत इथं. त्यांना काय सांगू, मॅडमचा ओव्हन बिघडला होता?"

"हव. तेच सांग."

तो हसला नाही. "चार महिने चूप बसल्या, अजून तीन आठवडे बसा."

साडेसातला पडद्यावर जमैकातल्या बैठकीचं लांबलचक टेबल दिसू लागलं. एका छोट्या, गरीब बेट-देशाची प्रतिनिधी चष्मा पुसत होती. अध्यक्षांनी विचारलं, प्रयोगशाळेला आपले आकडे मान्य आहेत ना?

चारुदत्तने माइक चालू केला आणि खुर्ची मागे घेतली.

"दोन्ही भाग सारखे नाहीत," प्रेमलाताई इंग्रजीत, सावकाश म्हणाल्या. "दुसऱ्याचे नमुने मी ओले तोलले होते. चूक माझी आहे."