बेवारस वीरांचं आडनाव

गोटीरामशेठच्या छापखान्यात देवळाली कॅम्पातून रद्दीचा गठ्ठा आला आणि त्यात निघाली जुनी इंग्रजी चित्रकथांची पुस्तकं. घट्ट कपड्यांतले विलायती गडी, पँटीच्या वरून चड्डी. शेठनी ती ओळखीच्या वकिलाला दाखवली. वकील म्हणाला, काढणाऱ्या कंपन्या केव्हाच बुडाल्या, कॉपीराइट संपला, आता ही मंडळी कुणाचीच नाहीत.

"म्हणजे बेवारस!" शेठ खूश झाले. फुकट मिळालेली वस्तू त्यांच्याकडे सहसा वाया जात नसे. त्यांनी मंगलाबाईंना बोलावणं धाडलं. "ताई, यातले चारपाच निवडा, एकत्र आणा. मराठीत एक झकास टोळी उभी करा. दिवाळीला पुस्तक काढू."

मंगलाबाई एकलहऱ्याच्या वीज कॉलनीत राहायच्या. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं डिक्शनरीवर भागवलेलं. शेठच्या कॅलेंडरांवरच्या कविता, लग्नपत्रिकांतल्या ओळी त्यांच्याच. खाली नाव मात्र कधीच नाही. या खेपेला त्यांनी अट घातली.

"मुखपृष्ठावर माझं नाव पाहिजे."

"एवढंच ना? घातलं समजा!"

घरी त्यांनी गठ्ठा पसरला. नवरा, सावळीराम, ड्यूटीवरून आला तर पाय ठेवायला जागा नाही.

"केवढे हे पाहुणे! जेवायला आहेत की काय?"

निवड सोपी नव्हती. एक जण नुसताच छाती फुगवून उभा राहायचा. तसले कॉलनीत पुष्कळ होते, तो गळाला. भिंतीतून आरपार जाणारा घेतला. मुंगीएवढा होणारा घेतला. तळहातातून उजेड पाडणाऱ्याची शिफारस सावळीरामने केली. "याला आमच्या पॉवर स्टेशनला लावा, एक बॉयलर तरी विसावेल." पण सगळ्यांच्या आधी निवडली होती ती काळ्या मुखवट्याची बाई. पुस्तकाच्या अगदी शेवटी, दोनच पानांत ती कुणाला तरी वाचवायची आणि आभार मानायच्या आत निघून जायची.

या सगळ्यांची म्हणे एक 'गुप्त ओळख' असते. डिक्शनरीने तसंच सांगितलं.

"ओळख गुप्त ठेवून काय उपयोग?" सावळीराम म्हणाला. "आपल्याकडे कलेक्टर कचेरीत ओळख असली तर लोक गावभर सांगतात!"

पहिली भेट मंगलाबाईंनी वीज केंद्राच्या चिमणीवर ठरवली. वर वारा, खाली राखेचे ढीग. भिंतीवाला मुखवटेवालीजवळ येतो, नमस्कार करतो. "आपण कुठल्या?" ती सांगते. मग तो विचारतो, "आणि आडनाव काय म्हणालात?"

मंगलाबाईंचा हात थांबला. हे वाक्य त्यांनी लिहायचं ठरवलं नव्हतं, पेनाने आपणहून लिहिलं होतं. आपल्याकडची दोन माणसं भेटली की दुसरं विचारणार तरी काय? त्या इंग्रजी पुस्तकांत कुणी कुणाला आडनाव विचारत नव्हतं. चेहरा झाकला की त्यांचं भागत होतं. इथे चेहरा बघतो कोण? लग्न झाल्यावर ती दोघं नाशिक रोडला खोली बघायला गेली होती. मालकीणबाईंनी हसून चहा टाकला, चहा उकळेपर्यंत आडनाव विचारलं, आणि खोली कालच गेल्याचं त्यांना आठवलं. चहा तेवढा मिळाला.

मुखवटेवालीने काय उत्तर द्यावं ते काही सुचेना. गोष्ट चिमणीवरच लटकून राहिली.

तेवढ्यात मुखपृष्ठाचं प्रूफ तयार झाल्याचा निरोप आला. मंगलाबाई लिहून झालेली पानं घेऊन छापखान्यात गेल्या. शेठ पानं वाचत बसले आणि मंगलाबाईंनी प्रूफ हातात घेतलं. 'लेखिका : सौ. मंगला सावळीराम.'

"शेठ, पगारे कुठे गेलं?"

शेठनी चहा बशीत ओतला. "अहो, जागा पुरेना."

टाइप जुळवणारे चिमाजी कोपऱ्यात खाकरले. त्या जागेत आणखी दोन लेखिका मावल्या असत्या.

"तसं नाही, ताई. मला काही नाही हो, मी तुमच्या घरी जेवलोय. पण पुस्तक दिंडोरीला जायचं, नामपूरला जायचं. लोक आधी नाव वाचतात. आणि हे बघा, या गड्यांनाही चांगली वजनदार आडनावं लावून टाका. सरलष्कर वगैरे."

मंगलाबाईंना हसू आलं आणि अर्ध्यातच विझलं. "त्यांना काही लावू नका. ते मुखवटे घालून आलेत. मी नाही आले."

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्ण नाव छापा. नाहीतर पानं परत द्या."

"ताई, ही मंडळी बेवारस आहेत. मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेईन."

"घ्या की. गडी बेवारस आहेत, गोष्ट नाही. तिची वारस तुमच्यासमोर उभी आहे."

पानं शेठच्या हातातच होती, पण ती पुढे करायला हात उचलेना.

"ती काय उत्तर देते?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण?"

"मुखवटेवाली. त्याने आडनाव विचारलं, पुढे पान कोरं आहे."

"मलाही अजून ठाऊक नाही."

"मग परत नेलंत तर मला कळणार कसं?" शेठ करवादले. "हे बघा, प्रती कमी काढीन, सांगून ठेवतो."

"कमी काढा. नाव पूर्ण काढा."

शेठनी एकदा छताकडे पाहिलं. "चिमाजी! घे जुळवायला."

"पगारे ना?" चिमाजींचा हात आधीच टाइपांच्या खान्यात होता. "तीनच अक्षरं, शेठ. जागा उरतेय."

एकलहऱ्याच्या बसमध्ये मंगलाबाईंना खिडकी मिळाली. शेजारच्या बाईने पिशवी मांडीवर घेतली, त्यांच्याकडे बघून हसली आणि विचारलं, "कुठल्या तुम्ही? आडनाव काय?"

मंगलाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमचं आधी सांगा," त्या म्हणाल्या.

बाई गोंधळली, मग मोकळं हसली. मंगलाबाईंनी मात्र घाईघाईने पर्समधून पेन काढलं आणि जुन्या प्रूफाच्या पाठीवर तेच वाक्य मुखवटेवालीच्या तोंडी घातलं. खाली लिहिलं : भिंतीतून आरपार जाणारा तो गडी आयुष्यात पहिल्यांदाच अडला.