बारूद अडवणारं शिंग

मी शिंग बोलतोय. फुंकायचं नव्हे. माझ्या पोटात बंदुकीची बारूद भरायचे. माझ्या गोष्टीत चार आणे मीठमसाला आहे, हे आधीच कबूल करतो. उरलेल्या बारा आण्यांसाठी मात्र कुणाशीही भांडेन.

माझा जन्म आफ्रिकेतला, नामिबियाच्या माळावरचा. पावणेदोनशे वर्षं होत आली असतील. एका हेरेरो माणसाच्या तांबड्या बैलाच्या डोक्यावर मी उगवलो. हेरेरो म्हणजे गुरांवर जीव टाकणारी माणसं. पोटच्या पोराचं नाव एकवेळ चुकेल, बैलाचा रंग चुकायचा नाही.

त्या माळावर एक दिवस दक्षिणेकडून ओर्लाम टोळीचा म्होरक्या आला, कप्तान टोबियास. घोड्यावर बसलेला, डोक्याला कातडी टोपी, खोगिराला बायबल, खांद्याला बंदूक. मूळचा हा गोऱ्या मालकाच्या शेतावरचा गडी. मालकानं चाबूक उचलला, तर यानं मालकाचीच बंदूक उचलली आणि उत्तरेला पळाला. इथवर माझा त्याला सलाम. पण जो मालकाच्या गोठ्यातून पळाला, त्यानंच पुढं दुसऱ्यांचे गोठे फोडायला घेतले. सकाळी देवाची स्तोत्रं, दुपारी लोकांची गुरं! आमचा बैलही त्यानं नेला. बैल खाल्ला, मला उकळलं, पोखरलं, लाकडी बूच बसवलं. ज्या हातांनी मला कुरवाळलं, त्यांच्यावरच झाडायची बारूद माझ्या पोटात!

आठ वर्षं सोसलं. हेरेरोही सोसत होते, आपलीच गुरं कप्तानासाठी राखत होते. मग एका सकाळी त्यांनी निरोप धाडला, "आता राखणार नाही." झालं! कप्तान चाळीस स्वार घेऊन निघाला. वाटेतल्या नदीत मी त्याच्या कमरेला लटकून चिंब भिजलो.

लढाई जुंपली. पहिला बार उडाला. दुसऱ्यासाठी कप्तानानं दातांनी माझं बूच ओढलं. निघेना. खोगिरावर आपटलं. तरी निघेना.

"उघड, सैताना!" तो ओरडला.

लोक म्हणतात, बूच पाण्यानं फुगलं होतं. फुगलं असेल. मी सांगतो, मी दात आवळले होते. तेवढ्यात कप्तानाच्या मांडीत भाला घुसला. तिसऱ्या दिवशी तो गेला. मला एका म्हाताऱ्या हेरेरो गुराख्यानं उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्याच्या डोळ्याला धारच लागली. "अरे, हा तर आपला तांबडा!"

पुढं एकोणीसशे एकोणनव्वद साली तिथं निवडणूक लागली. जगात कुठंही निवडणूक असू द्या, बंदोबस्ताला आपला माणूस हवाच. देवगाव रंगारीचे सर्जेराव पोलिसात होते, ते संयुक्त राष्ट्रांच्या तुकडीतून गेले. मतदान केंद्रामागं त्या गुराख्याच्या पणतीची गाय अडली होती. सर्जेरावांनी बाह्या सरसावल्या आणि वासरू ओढून काढलं. पणतीनं मला त्यांच्या हातात ठेवलं. असा मी छत्रपती संभाजीनगरला आलो आणि सिडकोतल्या घरी शोकेसमध्ये पस्तीस वर्षं धूळ खात पडलो.

आता त्यांच्या मुलानं, अभयनं, वेरूळ रस्त्यावर हॉटेल काढलंय. तिथं मला टांगायचं म्हणून तो पितळी पाटी करून घेऊन आला. पाटीवर कोरलं होतं, 'शंभर शत्रू लोळवणाऱ्या ओर्लाम कप्तानाचं शिंग'.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुन्हा कप्तानाचं? अन् तेही कायमचं?

पण तो दिवस नेमका पोळ्याचा. अभयची आई साळूबाई पाटावर मातीचे बैल मांडून बसल्या होत्या. बैलांच्या शिंगांना लाल हिंगूळ लावून झाला आणि त्यांनी मला जवळ ओढलं.

"आई, काय करायलीस? रंग लावू नको! हत्यार हाय ते."

"हत्यार?" साळूबाईंनी मानही वर केली नाही. "आरं, बैलाच्या डोक्यावर उगवलंय ते. हत्यार तुम्ही माणसांनी केलं."

"कप्तानाचं म्हणून लोक बघतील. बैलाचं शिंग बघायला कोण येतंय? गावात ढीगभर पडलीत."

"मंग गावातलंच टांग की एखादं! तुझ्या बापाला काय कप्तानानं दिलं व्हय हे? गाय सोडवली म्हणून दिलं त्या बाईनं."

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

सर्जेराव बैलाला भरवावा तसा पुरणपोळीचा घास माझ्या तोंडाशी धरून बसले होते. "मी रिटायर माणूस. इथला बंदोबस्त तिच्याकडं हाय."

अभय पाटीकडं बघत राहिला. "अन् हिचं काय करू? लई महागाची हाय."

"उलटी लाव," साळूबाई म्हणाल्या.

तर आता मी हॉटेलच्या दारातच टांगलेलो आहे. अंगाला लालभडक हिंगूळ. खाली पितळी पाटी, कोरी बाजू वर, आरशासारखी लखलखीत. कप्तान, ऐकतोयस का? तुझ्या नावाच्या पाठीवर लोक भांग पाडतात!

एखादा पाहुणा भांग पाडता पाडता वर बघतो. "शेठ, हे शिंग कुणाचं हो?"

अभय आधी मान खाजवतो. मग म्हणतो, "बैलाचं."